लामावरून आलेली ७१ पत्रे : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

पेटी दादरच्या खोलीत आली. पत्र्याची ट्रंक, आत वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला एकच गठ्ठा. सुतळी सोडण्याआधी चारी बाजूंनी फोटो घेतले.

मोजदाद : लिफाफ्यातली पत्रे ४४, एअर लेटर १९, एअरग्राफ ५, पोस्टकार्डे ३. एकूण ७१. काळ १९४२ ते १९४५. पाठवणारा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचा शिपाई, दुसऱ्या महायुद्धात लामावर म्हणजे आघाडीवर गेलेला. घर खेड तालुक्यात, थोरला भाऊ लालबागच्या चाळीत राहणारा गिरणी कामगार. पत्रे शेवटपर्यंत जपली ती शिपायाच्या बायकोने. कुटुंबाशी ठरल्याप्रमाणे कुणाचेही नाव किंवा गाव या नोंदींत येणार नाही.

गठ्ठा तारखेनुसार लावलेला नाही. तरीही हाच क्रम कायम ठेवायचा. वरून खाली १ ते ७१. तिने ज्या क्रमाने बांधली तो क्रम हीही माहितीच आहे, आणि एकदा मोडला की परत मिळत नाही. तारीखवार यादी संगणकावर हवी तेव्हा करता येते. क्रमांक पत्रावर घालायचा नाही, बाहेरच्या आम्लमुक्त घडीवर २बी पेन्सिलीने घालायचा.

१२ जून

कडांना कसरीने खाल्ल्याच्या खुणा, दोन लिफाफ्यांत जिवंत कसर. औषध फवारायचे नाही. डांबरगोळ्याही नकोत, त्यांचा वास आणि वाफ कागदात मुरते. गठ्ठा टीपकागदात गुंडाळून पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत, हवा काढून, सील करून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये १४ दिवस. उणे १८ ला आठवडा पुरतो असे काही जण म्हणतात, पण घरगुती फ्रीझरचे दार उघडझाप होत राहते, म्हणून दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. थंड कागदावर मुंबईची जूनमधली हवा लागली की लगेच दव धरते, आणि या गठ्ठ्यात पाण्याने पसरणारी शाई आहे.

२८ जून

गठ्ठा उघडला. आधी शाई ओळखायची, मग ब्रशला हात लावायचा.

तीन प्रकार निघाले. साधी शिसपेन्सिल. निळी-काळी फाउंटन पेनची शाई. हिच्यात लोह आहे का हे चाचणीपट्टीने पाहिले, ११ पत्रांत पट्टी गुलाबी झाली, म्हणजे शाई अजून कागद खाते आहे. तिसरा प्रकार सर्वात फसवा : कॉपिंग पेन्सिल. कोरडी असताना साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते, थेंबभर पाणी लागले की गडद जांभळी होऊन पसरते. आघाडीवर ती फार वापरली जाई, कारण दौत-टाक नको आणि खोडताही येत नाही. ओळखायची खूण : भिंगाखाली अक्षराच्या कडेला जिथे कधी घामाचे बोट लागले असेल तिथे जांभळी छटा दिसते. अशी २६ पत्रे. त्यांच्या घडीवर लाल पट्टी लावली : ‘ओलावा नाही’.

गंजलेल्या टाचण्या १७. ओढून काढायच्या नाहीत. टाचणीच्या दोन्ही बाजूंना पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा सरकवायचा, गंज सुईने हलकेच फोडायचा, मग कागद टाचणीवरून सरकवायचा.

धूळ मऊ ब्रशने, आतून बाहेर, एकाच दिशेने. खोडरबराचा चुरा वापरायचा की नाही यावर चर्चा झाली. लिफाफ्यांच्या पाठी मळलेल्या आहेत आणि काहींवर पेन्सिलीचे गिरगोटे आहेत, बहुधा मुलांचे. चुऱ्याने पाठी स्वच्छ होतील, पण गिरगोटेही जातील. नोंद होईपर्यंत काहीही पुसायचे नाही, असे ठरले.

९ जुलै

काल पहाटेपासूनच्या पावसाने रेल्वे ठप्प, कुणी पोहोचू शकले नाही. आज खोलीतली आर्द्रता ८८ टक्के. आर्द्रताशोषक यंत्राची टाकी दिवसात दोनदा भरली. सिलिका जेल नारिंगीचे हिरवे पडले होते. ११० अंशाला तीन तास तापवून परत घातले. निळे जेल घेऊ नये, त्यात कोबाल्टचे क्षार असतात.

पत्र क्र. १९ आणि २३ वर बुरशीची राखाडी झाक. ती ओली असताना पुसली तर कागदात भरडली जाते. दोन्ही पत्रे वेगळ्या डब्यात, कोरड्या टीपकागदांमध्ये, तीन दिवस. सुकून भुकटी झाल्यावर मास्क लावून, हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून काढायची.

आठवडाभर घड्या उलगडण्याचे काम बंद.

१६ जुलै

दुरुस्ती सुरू. फाटलेल्या घड्यांसाठी चौरस मीटरला ५ ग्रॅम वजनाचा जपानी कोझो कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. प्रमाण : १० ग्रॅम सत्त्व, ५० मिलि शुद्ध पाणी, अर्धा तास भिजवून मंद आचेवर २५ मिनिटे ढवळत शिजवायचे, गार झाल्यावर दोनदा चाळणीतून काढायचे, लावताना ताकाइतके पातळ करायचे. या हवेत खळ तिसऱ्या दिवशी आंबते, म्हणून एका वेळी एवढीच.

आपले बाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. पत्रांसाठी ती खळ कधीही घेऊ नये. मोरचुदातले तांबे कागद ठिसूळ करते, आणि लोहयुक्त शाईच्या पत्राला तर दुहेरी मार बसतो.

कॉपिंग पेन्सिलीच्या २६ पत्रांना खळही नको. त्यांची फाटलेली घडी तशीच ठेवून पत्र पॉलिएस्टरच्या खिशात. लॅमिनेशन एकाही पत्राचे होणार नाही. आत गेलेला कागद पुन्हा बाहेर काढता येत नाही.

चार पत्रांवर सेलोटेप. ती नंतरची, घरात लावलेली. दोन ठिकाणी गरम पातळ सुरीने निघाली, दोन ठिकाणी शाई सोबत उचलली जाऊ लागली म्हणून थांबलो.

२२ जुलै

एअरग्राफ पाचही. ही हाताने लिहिलेली पत्रे नाहीत, छायाचित्रे आहेत. शिपाई छापील फॉर्मवर लिही, फॉर्मचा फोटो बारीक फिल्मवर घेतला जाई, फिल्म विमानाने येई आणि इकडे तिची सुमारे ११ × १३ सेंमीची प्रत काढून घरी पोहोचवली जाई. म्हणून यांचे जतन फोटोसारखे : सुती हातमोजे, जिलेटिनच्या बाजूला बोट नाही, कागदी पाकीट, वजन ठेवून दाबायचे नाही. मूळ फॉर्मचा कागद, शाई, दाब यातले काहीच इथे उरलेले नाही, त्यामुळे ‘लेखनसाधन’ या रकान्यात अंदाज न लिहिता ‘छायाप्रत’ लिहायचे.

२९ जुलै

स्कॅनिंग. ६०० डीपीआय, २४ बिट रंग, टिफ. प्रत्येक पानासोबत रंगपट्टी आणि मोजपट्टी. ए-५ आकाराचे एक पान सुमारे ५२ एमबी होते. लिफाफ्यांच्या दोन्ही बाजू धरून २१२ प्रतिमा, म्हणजे ११ जीबी. एअर लेटरचा कागद इतका पातळ की पाठचे अक्षर पुढे उमटते. पानामागे पांढऱ्याऐवजी काळा कागद ठेवला की ते दबते. पहिल्या दिवशी हे लक्षात न आल्याने १४ प्रतिमा पुन्हा घ्याव्या लागल्या.

फाइलचे नाव : गठ्ठा क्रमांक, पान, बाजू. नावात तारीख घालायची नाही, कारण तारखा अजून ठरायच्या आहेत आणि बदलतील. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दादरच्या बाहेर.

५ ऑगस्ट

वाचन सुरू केले आणि यादीचा साचा पहिल्याच दिवशी मोडला. रकाने होते ‘कोणाकडून’ आणि ‘कोणास’. त्यावर भिस्त ठेवली तर ‘पत्नीस पत्रे’ या नावाच्या संग्रहात पत्नीच्या नावावर ७१ पैकी फक्त २३ पत्रे भरतात.

कारण त्या काळची रीत. पत्र घरातल्या थोराच्या नावावर. मायना ‘तीर्थरूप दादांचे सेवेशीं’, मग शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, मग मनिऑर्डर पोहोचली का, भात किती झाले, बैल विकला का. शेवटी थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी ‘घरांतील मंडळीस’ किंवा ‘सौ. हीस’ अशी एखादी ओळ. तिचे नाव नाहीच. पत्र लालबागला भावाकडे येई; तो पाकिटावरचा पत्ता खोडून गावचा पत्ता घालून पुढे टाकी. गावी वाचणारा जो असेल तो मोठ्याने वाची आणि सगळे घर ऐके. नवरा हे जाणून होता, म्हणून तिच्यासाठीची ओळ सगळ्यांनी ऐकली तरी चालेल अशीच असे.

नवे रकाने : सांगणारा, लिहिणारा हात, मायना कोणाला, पत्ता कोणाचा, तिच्यासाठीच्या ओळी (पान, ओळ, शब्दसंख्या). शेवटचा रकाना भरायला सर्वात जास्त वेळ लागतो आणि तोच सर्वात महत्त्वाचा आहे. मायना गाळून ‘मुख्य मजकूर’ उतरवायची सवय अनेक ठिकाणी दिसते. या गठ्ठ्यात तसे केले तर नेमकी बायकोच गळते.

८ ऑगस्ट

हात तीन. ‘क’ : मोडी, सफाईदार, कारकुनी वळण, ३१ पत्रे. ‘ख’ : बाळबोध, शाळामास्तरी वळण, १७ पत्रे. ‘ग’ : बाळबोध, मोठे सुटे अक्षर, दाब जास्त, २३ पत्रे. ‘ग’ची २३ तीच जी थेट तिच्या नावावर आहेत.

अक्षर बदलले म्हणून पाठवणारा बदलला असे समजू नये. पलटणीत लिहिता येणारा एखादा सोबती बाकीच्यांची पत्रे लिही.

लिप्यंतराचे नियम ठरवले. मोडीत शब्द सोडून लिहीत नाहीत, शिरोरेषा आधी ओढलेली असते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. तेव्हा मोडीचे देवनागरी करताना ऱ्हस्व-दीर्घ आपण ठरवतो; ते आजच्या शब्दकोशाप्रमाणे करायचे आणि तसे वर नमूद करायचे. बाळबोध पत्रांत मात्र एक काना बदलायचा नाही. ‘नाहीं’, ‘घरीं’, ‘पाठवितों’ हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे, ते ठेवायचे. ‘ग’ हाताच्या चुकाही ठेवायच्या, त्यांचे कारण पुढे लागेल. शोधासाठी आजच्या लेखनातली वेगळी ओळ जोडायची. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ पासून जागा आहे, पण हस्ताक्षर वाचणारी भरवशाची यंत्रणा हाताशी नाही, काम डोळ्यांनीच. दोघांनी स्वतंत्र वाचायचे, तिसऱ्याने जुळवायचे. वेग दिवसाला सरासरी तीन पाने.

१४ ऑगस्ट

तारखा. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात गावाचे नाव नसते, फक्त क्रमांक आणि तारीख. मजकुरातही ठिकाण लिहायला बंदी. मिती लिहिलेली असेल तिथे शकात ७८ मिळवायचे. पण १ जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९. ही चूक दोन पत्रांत झाली होती, माघ शके १८६५ हे १९४३ मध्ये गेले होते. ते १९४४.

क्र. ३४ : शिक्क्यात वर्ष पुसट, पत्रावर तारीख नाही, मजकुरात ‘काल पाडवा झाला’ आणि डोंगरावर बर्फ. पाडवा आणि बर्फ एकत्र म्हणजे इराकचा सपाट मुलूख नव्हे. ही बटालियन ज्या आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती ती सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टारान्टो बंदरात उतरली, त्या नोव्हेंबरात सांग्रो नदीची लढाई, हिवाळा एड्रियाटिकच्या बाजूला डोंगरात. १९४५ चा पाडवा धरावा तर तेव्हा ‘ग’ हात लिहीत होता. हे पत्र ‘क’चे. पाडवा १९४४ मध्ये २५ मार्चला, शनिवारी. शिक्क्याची तारीख २८. पत्र २६ मार्च १९४४. नोंदीत ‘अनुमानित’ असे लिहून वरची सारी कारणे जोडली.

२० ऑगस्ट

सेन्सॉरने शाईने खोडलेल्या ओळी सहा पत्रांत. इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून टाकलेला कॅमेरा, भिंगावर ८५० नॅनोमीटरचा फिल्टर, दोन्ही बाजूंनी हॅलोजन दिवे, दिवा लागल्यापासून २० सेकंदांत फोटो घेऊन बंद, नाहीतर कागद तापतो. विरघळणाऱ्या रंगाच्या शाईने खोडलेले असेल तर ती शाई या प्रकाशात विरून जाते आणि खालची पेन्सिल काळी राहते. कॉपिंग पेन्सिलही दिसते, कारण तिच्यात रंगाबरोबर ग्रॅफाइट असते. अशी चार पत्रे वाचता आली. एकात ‘बगदाद’ हा एकच शब्द होता. उरलेल्या दोन पत्रांत काजळीची काळी शाई वापरली आहे, ती इन्फ्रारेडलाही काळीच. तिथे काही मिळणार नाही.

२३ ऑगस्ट

क्र. ३८, ‘ख’ हात, शिक्का ५ जून १९४४. मायना थोरल्या भावाला. मुंबईच्या गोदीत काही झाल्याचे कळले, तुम्ही सर्व सुखरूप आहात का, अशी विचारणा. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट १४ एप्रिल १९४४, शुक्रवारचा. वार्ताहरांना ती बातमी बाहेर पाठवायला परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. शिक्क्याशी हे जुळते.

विचारणेनंतरच्या दोन ओळी पात्याने कापून काढल्या आहेत. खिडकी ९.५ × १.५ सेंमी.

कागदाला दोन बाजू असतात. त्याच जागी पाठीमागे समारोप होता : थोरांस नमस्कार आहे, लहानांस आशीर्वाद आहे, आणि मधली ‘सौ. हीस’ची ओळ खिडकीबरोबर गेली. कापलेल्या कडेला तिच्या ओळीच्या तीन वेलांट्या आणि एक अनुस्वार उरला आहे. सेन्सॉरला पुढच्या बाजूच्या दोन ओळी नको होत्या. मागे काय आहे ते त्याने पाहिले असेल किंवा नसेल.

ती खिडकी कोझोने भरायची नाही. पॉलिएस्टरच्या खिशात आधार मिळतो. लिप्यंतरात कंसात ‘कापलेले, पाठ : ओळ ११ ते १२’ आणि उरलेल्या खुणांचे जसेच्या तसे वर्णन. तीन वेलांट्यांवरून वाक्य जुळवायचा मोह सगळ्यांनाच झाला. त्यातले एकही वाक्य नोंदीत नाही.

६ सप्टेंबर

उद्यापासून गणपती. विसर्जनापर्यंत लालबागला कुटुंबाकडे जाणे जमणार नाही, तेवढ्यात हक्कांचा कागद तयार केला. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. इथे दोन्हीकडचे वारस तेच आहेत, तरी संमतीपत्रे दोन वेगळी. पत्रांत इतर शिपायांचे मृत्यू आणि आजार आहेत. ती नावे उघड प्रतीत झाकलेली राहतील.

२० सप्टेंबर

‘ग’ हात कोणाचा, ते लागले. ‘क’ आणि ‘ख’च्या ४८ पत्रांखालची सही पत्राच्या हाताची नाही. ती मोठ्या सुट्या बाळबोध अक्षरांत आहे. सगळ्या सह्या कापून एका पानावर तारखेने लावल्या (प्रतिमा, मूळ नव्हेत). १९४२ मध्ये अक्षरे शिरोरेषेपासून सुटलेली, एक अक्षर उलटे. १९४३ च्या अखेरीस रेषा सरळ. २३ ऑगस्ट १९४४ च्या शिक्क्याच्या पत्रात तोच हात पहिल्यांदा पूर्ण पान लिहितो. म्हणजे ‘ग’ स्वतः शिपाई. फौजेतले साक्षरतेचे वर्ग मुख्यतः रोमन उर्दूचे असत, तेव्हा हे बाळबोध त्याने वेगळे गिरवलेले असणार. म्हणूनच त्याच्या चुका दुरुस्त करायच्या नव्हत्या.

या पहिल्या पत्राचा मायनाही वेगळा. दादा नाहीत, सेवेशीं नाही. शब्दाशब्दांत बोटभर जागा. ओळी सात.

२७ सप्टेंबर

मोठे सुटे अक्षर लिहिणाऱ्याच्या सोयीचे, हे खरे. पण १९४५ पर्यंत त्याचा हात सरावला, सह्या जलद झाल्या, तरी पत्रांतले अक्षर तेवढेच मोठे आणि तेवढेच सुटे राहिले आहे. वाचणाऱ्याची सोय पाहिलेली दिसते.

लिफाफ्यांच्या पाठी पुन्हा काढल्या. जूनमध्ये ‘मुलांचे गिरगोटे’ म्हटले ते. एका बाजूने तिरपा दिवा लावून फोटो घेतले. असे लिफाफे ९, शिक्के नोव्हेंबर १९४३ ते जुलै १९४४. तीस पट भिंगाखाली ग्रॅफाइटची चकाकी शिक्क्याच्या शाईच्या वर आहे, म्हणजे पेन्सिल लिफाफा पोहोचल्यानंतरची. गिरगोटे नाहीत ते. पहिल्या तीन लिफाफ्यांवर ‘ग’, ‘म’, ‘भ’, ‘न’ रांगेने. पुढच्यांवर पत्त्यातला गावाचा शब्द पाहून उतरवलेला, चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी थोडा सरळ. शेवटच्या दोहोंवर शिपायाच्या सहीचा कित्ता, त्याच्याच वळणात, अगदी सुटलेल्या कान्यासकट.

नोंद : ‘पेन्सिल, पोहोचल्यानंतर, हात अनिश्चित.’ तिच्या हातचे दुसरे काही लेखन कुटुंबात सापडते का, हे विचारले आहे. सापडले तर रकाना बदलेल, तोवर नाही.

हे ९ लिफाफे वेगळ्या डब्यात, प्रत्येक पाठीवर गुळगुळीत ग्लासीन कागद. ब्रशही नाही.

४ ऑक्टोबर

लालबागहून निरोप : रेशनकार्डाच्या जुन्या पाकिटात पोस्टाच्या बचत खात्याची पावती मिळाली, १९४६ ची. सहीच्या जागी अंगठा नाही. सोमवारी मोजपट्टी, भिंग आणि तिरपा दिवा घेऊन जायचे. पावती तिथेच ६०० डीपीआयला घ्यायची, घराबाहेर काढायची नाही.